पैसा फंडाची पावती आणि शेअरचा कागद

कॅनडातील क्वेबेक प्रांतातली लूप इंडस्ट्रीज आणि आपल्याकडची इस्टर इंडस्ट्रीज या दोन कंपन्यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत भारतात कारखाना काढण्याचे २०२४ साली जाहीर केले, तेव्हापासून शेअर बाजारात रस घेणाऱ्या मंडळींत एक वाद रंगलेला आहे. वापरलेल्या पॉलिएस्टरचे मूळ घटकांत विघटन करून त्यापासून पुन्हा नव्यासारखे पॉलिएस्टर बनवण्याचे तंत्र लूपपाशी आहे आणि नियोजित कारखाना गुजरातेत व्हायचा आहे. एक पक्ष म्हणतो की जगातला प्लास्टिकचा कचरा संपणारा नाही, तेव्हा कच्च्या मालाची ददात नाही. कायदे कडक होत चालले आहेत, तेव्हा गिऱ्हाइकांचीही ददात नाही. पैसे लावा, पुण्य आणि परतावा दोन्ही पदरात पडतील. दुसरा पक्ष म्हणतो की प्लास्टिकचे पुनर्चक्रीकरण हेच मुळात थोतांड आहे, तेव्हा त्यावर उभी राहणारी प्रत्येक कंपनी लबाड. दोघेही एकाच मुद्द्यावर हातघाईला येतात : तंत्र खरे की खोटे? माझ्या मते हा प्रश्न दुय्यम आहे. तंत्र बहुतेक वेळा खरेच असते. खरा प्रश्न असा की नव्या पॉलिएस्टरच्या तुलनेत पुनर्चक्रित पॉलिएस्टरला जो जादा खर्च येतो तो कोण सोसणार, आणि तो सोसायला त्याला भाग कोण पाडणार. याचे उत्तर करारात लिहून आलेले दिसत नाही तोवर मध्यमवर्गीय बचतदाराने अशा कंपनीच्या समभागांत घातलेले पैसे ही गुंतवणूक नव्हे, ती देणगी होय.

देणगी हा शब्द मी हिणवण्यासाठी वापरलेला नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तेथे तयार झालेल्या कारागिरांनी पुढे देशात इतरत्र काचेचे कारखाने उभारायला हातभार लावला. पैसा देणाऱ्याला व्याज मिळाले नाही, लाभांश मिळाला नाही, आणि तो मिळेल असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. त्याच्या हाती होती ती देणगीची पावती, आणि ती तशीच वाचली जात होती. आजची गोम अशी आहे की पैसा फंडाचीच भावना चेतवून लोकांच्या हाती शेअरचा कागद दिला जातो. 'पृथ्वीसाठी' असे म्हणून पैसे मागायचे आणि परताव्याचे आकडे बाजारातल्या इतर समभागांशी ताडून दाखवायचे, या दुटप्पीपणाबद्दल उत्साही पक्ष कधी बोलत नाही.

आता संशयवाद्यांना उत्तर देणे भाग आहे, कारण त्यांचा आवाज अलीकडे मोठा झाला आहे. पॉलिएस्टर, म्हणजे बाटलीच्या रूपातले पेट आणि कापडाच्या रूपातला धागा, हे एकच रसायन आहे आणि ते मोडता येते ही गोष्ट रसायनशास्त्रात जुनी आहे. मिथेनॉलने मोडले तर डायमिथाइल टेरेफ्थॅलेट आणि ग्लायकॉल हे पॉलिएस्टरचे घटक मिळतात. ग्लायकॉलने मोडले तर अर्धवट मोडलेला, पुन्हा जोडता येईल असा माल मिळतो. अमेरिकेतील ईस्टमन कंपनीने टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला मिथेनॉलच्या मार्गाने चालणारा मोठा कारखाना २०२४ साली सुरू केला. फ्रान्सच्या कार्बिओस कंपनीच्या संशोधकांनी घडवलेले विकर (एन्झाइम) बहात्तर अंश तापमानाला दहा तासांत पेटचा नव्वद टक्के भाग मोडते, हे २०२० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. फार लांब कशाला, नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या अवनखेडला पॉलिजेंटाच्या कारखान्यात बाटल्यांपासून रासायनिक मार्गाने धागा काढला गेला आहे. नेहमीच्या यांत्रिक पद्धतीत बाटल्या निवडून, धुऊन, तुकडे करून वितळवतात आणि त्याचा दाणा पाडतात. पण रंग, मळ आणि वारंवारच्या उष्णतेने तुटत गेलेल्या रेणूंच्या साखळ्या त्या दाण्यात तशाच राहतात. रासायनिक पद्धतीत हे दोष मुळापर्यंत जाऊन काढता येतात. तेव्हा 'हे होतच नाही' असे म्हणणाऱ्याने आधी हे कारखाने पाहावेत.

पण होते म्हणून परवडते काय? येथे इतिहास फारसा दिलासा देत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे १९९९ साली एव्हरग्रीन नावाचा कारखाना सुरू झाला. जुने गालिचे गोळा करून त्यांतल्या नायलॉनपासून पुन्हा कॅप्रोलॅक्टम, म्हणजे नायलॉनचा मूळ घटक, बनवायचे, असा त्याचा बेत होता. मागे कोणी हौशी मंडळी नव्हती, डीएसएम आणि अलाइड सिग्नल यांच्यासारख्या बड्या रासायनिक कंपन्या होत्या. रसायनशास्त्र चोख होते. २००१ साली कारखाना बंद पडला, कारण नव्या कॅप्रोलॅक्टमचा भाव घसरला आणि जुन्या गालिच्यातून काढलेले महाग ठरले. पुढे शॉ या गालिचा कंपनीने तो घेऊन २००७ मध्ये पुन्हा चालू केला. म्हणजे यंत्रे होती तीच, रसायन होते तेच, फक्त आता मालकच गिऱ्हाईक होता आणि पहिल्या मालकांचे भांडवल बुडालेले होते. सुती कपड्यांपासून लगदा बनवणाऱ्या स्वीडनच्या रिन्यूसेलने सुंड्सवॉलला जुन्या कागद गिरणीच्या जागी कारखाना थाटला, एच अँड एमसारखा बडा कपडेवाला भागधारक म्हणून सोबत होता, आणि तरीही पुरेशी मागणी न आल्याने २०२४ च्या फेब्रुवारीत तिने दिवाळखोरी पत्करली. त्याच वर्षी पेट मोडणारी डच कंपनी आयोनिका बुडाली. कार्बिओसचा लाँग्लाव्हिल येथला कारखाना भूमिपूजन होऊनही पैशाअभावी लांबणीवर पडला. यांपैकी कोणाचेही तंत्र खोटे ठरले नव्हते. पॉलिएस्टरचा भाव कच्च्या तेलाशी आणि चीनमधल्या अतिरिक्त उत्पादनाशी बांधलेला असतो, आणि ज्या मालाचा भाव आपल्या हाती नाही तो माल जास्त खर्चाने बनवणारा सोशिक असून भागत नाही, त्याच्या पाठीशी कोणीतरी भावाची हमी देणारा असावा लागतो.

कच्चा माल फुकटात पडलेला आहे ही समजूत तर आपल्या देशात विशेष चुकीची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१७ च्या सुमारास केलेल्या पाहणीत भारतातल्या पेटपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास माल कोणत्या ना कोणत्या मार्गाने पुन्हा वापरात येतो असे दिसले होते. रस्त्यावर फेकलेली पाण्याची बाटली आपल्याला कचरा वाटते. कचरावेचक बाईला, तिच्याकडून घेणाऱ्या भंगारवाल्याला, गासड्या बांधणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला आणि तिच्यापासून धागा काढणाऱ्या कारखानदाराला ती माल असते आणि तिला रोजचा भाव असतो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये किंवा मालेगावच्या प्लास्टिक गिट्टीच्या कारखान्यांत एक फेरी मारली तर 'प्रचंड उपलब्ध कच्चा माल' या शब्दप्रयोगातली हवा निघून जाते. नवी कंपनी बाटल्या घ्यायला बाजारात उतरली की ती कचऱ्याशी लढत नाही, जुन्या गिऱ्हाइकांशी लढते, आणि त्या लढाईत बाटलीचा भाव चढतो. तो चढलेला भाव वेचणाऱ्या बाईपर्यंत पोचला तर मला आनंदच आहे. पण मग कंपनीच्या सादरीकरणात दाखवलेले नफ्याचे प्रमाण कोठून येणार? आणि ते प्रमाण राखायचे म्हणून भाव खालीच दाबला, तर परतावा त्या बाईच्या टोपलीतून आला हे मान्य करावे लागेल. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि तिच्यातून उभी राहिलेली स्वच्छ ही सहकारी संस्था गेल्या दशकापेक्षा अधिक काळ हाच हिशेब मांडत आली आहे; गुंतवणुकीवरच्या चर्चेत तो हिशेब कोणी विचारात घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यावर उत्साही पक्षाचा एक चांगला जबाब आहे : आम्ही बाटल्यांमागे नाही, कपड्यांमागे आहोत. हा मुद्दा मोलाचा आहे. जगात बनणाऱ्या सर्व तंतूंपैकी २०२३ साली सुमारे ५७ टक्के पॉलिएस्टर होते, आणि त्या पॉलिएस्टरमध्ये पुनर्चक्रित माल जेमतेम साडेबारा टक्के, तोही जवळजवळ सगळा बाटल्यांचा. म्हणजे ज्याला आपण 'रिसायकल्ड टी-शर्ट' म्हणतो तो जुन्या टी-शर्टचा नसून बाटलीचा असतो, आणि पुन्हा बाटली होऊ शकणारा माल त्यात एकदाचा अडकून बसतो. जुन्या कपड्यांचे पॉलिएस्टर मोडणारे तंत्र खरोखरच हवे आहे. परंतु कपडा म्हणजे बाटली नव्हे. त्यात सूत मिसळलेले असते, ताणले जाणारे इलॅस्टेन असते, रंग असतात, बटणे आणि चेन असतात. आमच्या लहानपणी दारावर येणारी बोहारीण लुगड्याची जर बोटांनी चाचपून आणि सदऱ्याची कॉलर उलटून पाहून भांड्याचा सौदा करी. हे सगळे वर्गीकरण तिच्या हातात आणि डोळ्यांत होते. विरलेल्या टेरिकॉटच्या पँटवर तिने साधी वाटीसुद्धा दिल्याचे मला आठवत नाही. ज्या टिकाऊपणासाठी टेरिलीन-टेरिकॉटला त्या काळी मिरवले गेले, तोच त्याच्या म्हातारपणाचा शाप ठरला. आज बोहारणीचे काम प्रकाशकिरणांनी धागा ओळखणाऱ्या यंत्रांकडून करून घ्यायचे आहे, आणि त्या कामाचा खर्च विघटनाच्या खर्चाआधी येतो. गुजरात आणि महाराष्ट्रातल्या कापड उद्योगातून निघणाऱ्या कातरणीवर कारखाना चालवला तर हा खर्च बराच वाचतो, कारण कातरण कशाची आहे ते ठाऊक असते. लूप-इस्टरच्या बेतातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली बाजू हीच आहे. मात्र कातरणीलाही भाव आहे आणि पानिपतसारख्या ठिकाणी तिला जुने गिऱ्हाईक आहे, हे येथेही विसरता येत नाही.

उत्साही पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा कायद्याचा. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये विस्तारित उत्पादक जबाबदारीचे, म्हणजे आपल्या मालाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे, नियम घालून दिले. कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत पुनर्चक्रित मालाचे प्रमाण २०२५-२६ पासून तीस टक्के आणि २०२८-२९ पर्यंत साठ टक्क्यांवर नेण्याचे बंधन त्यात आहे. युरोपीय संघात पेटच्या पेयबाटल्यांसाठी २०२५ पासून पंचवीस टक्क्यांचे बंधन आहे. कायद्याने मागणी निर्माण केल्यावर भावाची चिंता कशाला, असा हा युक्तिवाद. तो अर्धा बरोबर आहे, आणि मी मागणी करतो तीही कायद्याचीच. पण कायदा कागदावर असणे आणि तो बाजारभावात उतरणे यांत अंतर असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ साली पुनर्चक्रीकरणाची सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे (उत्पादक ती विकत घेऊन आपली जबाबदारी पुरी झाल्याचे दाखवतो) उघडकीस आली आणि ती काढणाऱ्या कारखान्यांत महाराष्ट्रातलेही होते. प्रत्यक्ष माल न बनवता कागदावर प्रमाणपत्र मिळत असेल, तर खरा माल बनवणाऱ्याचे महागडे प्रमाणपत्र कोण घेईल? बंधनाची मुदत जवळ आली तशी शीतपेय उद्योगाने पुरेसा अन्नयोग्य माल मिळत नसल्याचे सांगून सवलत मागायला सुरुवात केली. शिवाय बाटल्यांवरचे बंधन यांत्रिक पद्धतीच्या स्वस्त मालाने भागते. त्यासाठी रेणूंपर्यंत जाण्याची गरज नाही. ज्या कपड्यांसाठी रासायनिक पद्धत हवी, त्या कपड्यांवर भारतात असे प्रमाणाचे बंधनच नाही. म्हणजे कायदा एका मालाला आहे आणि शेअर दुसऱ्या मालाच्या आशेवर विकला जातो.

मग सौरऊर्जेचे काय, असे विचारले जाते. तीही एके काळी महागच होती, प्रमाण वाढले तशी स्वस्त झाली. तुलना आकर्षक आहे, पण सौरपट्टी ही कारखान्यात लाखोंनी निघणारी वस्तू आहे आणि तिला लागणारे ऊन कोणी विकत देत नाही. पुनर्चक्रीकरणाचा कारखाना जेवढा मोठा, तेवढा त्याला लागणारा माल लांबून आणि चढ्या भावाने आणावा लागतो. त्याचे ऊन महाग होत जाते. तुलना मान्य केली तरी ती गुंतवणूकदाराच्या विरुद्धच साक्ष देते. सौरऊर्जा जिंकली, पण जर्मनीची क्यू-सेल्स २०१२ मध्ये आणि चीनची सनटेक २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. आपल्या पुण्याची सुझलॉन पाहा. साताऱ्याजवळ वनकुसवडेच्या पठारावर तिने उभारलेल्या पवनचक्क्यांच्या रांगा अजूनही लांबून दिसतात. पवनऊर्जेबद्दल तिचे म्हणणे अगदी खरे ठरले. २००८ च्या सुरुवातीला चारशे रुपयांपलीकडे गेलेला तिचा समभाग २०२० मध्ये दोन-तीन रुपयांवर आला. मध्ये २०१२ साली कंपनी परकीय परिवर्तनीय रोख्यांची परतफेड करू शकली नव्हती. त्याच बारा वर्षांत देशाची पवनऊर्जा क्षमता कित्येक पटींनी वाढली. पुढे कंपनी सावरली, पण चारशेला घेतलेल्याचे काय? मुंबईने हा धडा फार आधी गिरवला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि त्या पैशावर बॅक बे हा शहराच्या पश्चिमेचा समुद्र भरून काढणाऱ्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पट भावाने विकले गेले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला आणि घरेच्या घरे बसली. समुद्र हटवता येतो ही कल्पना मात्र खोटी नव्हती. विसाव्या शतकात तो हटवला गेला, मरीन ड्राइव्ह झाला, आणि तेथे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांत १८६५ च्या भागधारकांचे वारस किती असतील कोण जाणे.

तरीही कोणीतरी पहिली जोखीम घ्यायला हवीच, हे मी नाकारीत नाही. सगळ्यांनीच माझ्यासारखा विचार केला तर पहिला कारखाना उभाच राहणार नाही. पण जोखीम त्याने घ्यावी ज्याला ती सोसते आणि ज्याच्या हाती भाव ठरवण्याची थोडी तरी ताकद आहे. शर्टाच्या किमतीत धाग्याचा वाटा लहान असतो. धागा काहीसा महाग पडला तरी जागतिक कपडेवाल्याचे काही बिघडत नाही, पण त्याच फरकाने धागा बनवणाऱ्याचे दिवाळे निघते. म्हणून हमी कपडेवाल्याने द्यायची. ती हमी म्हणजे स्वाक्षरीसमारंभाचे छायाचित्र नव्हे, 'माल उचला, नाही तर पैसे भरा' असे बंधन घालणारा दीर्घ मुदतीचा करार. इरादापत्रे आणि सहकार्याच्या घोषणा यांचा या क्षेत्रात सुकाळ आहे. लूपनेच इंडोरामा या थायलंडच्या पॉलिएस्टर कंपनीसोबत अमेरिकेत स्पार्टनबर्गला कारखाना काढण्याची घोषणा २०१८ साली केली होती. तो उभा राहिला नाही. २०२० च्या ऑक्टोबरात हिंडेनबर्ग रिसर्च या शॉर्ट-सेलर, म्हणजे समभाग पडण्यावर पैसे लावणाऱ्या, संस्थेने लूपच्या तंत्रावरच आरोप करणारा अहवाल काढला, समभाग एका दिवसात सुमारे एक तृतीयांश कोसळला, कंपनीने आरोप फेटाळले, आणि त्यानंतरची सगळी चर्चा प्रयोगशाळेत काय होते याभोवती फिरत राहिली. विक्रीचे उत्पन्न नसलेली कंपनी पगार कशातून देते, हा साधा प्रश्न त्या गदारोळात हरवला. ती नवे समभाग काढून देते किंवा कर्ज काढून देते. कारखाना दोन वर्षे लांबला तर तंत्र तेच राहते, जुन्या भागधारकाचा हिस्सा मात्र विरत जातो, आणि तंत्र शेवटी यशस्वी झाले तरी त्या यशात त्याच्या वाट्याला उरते ते पाणी घातलेले ताक.

सरकारला खरेच हे तंत्र हवे असेल तर अनुदानापेक्षा सोपा मार्ग आहे. विस्तारित उत्पादक जबाबदारी कपड्यांना लागू करावी; प्रमाणपत्र वजनकाट्याच्या आणि विजेच्या नोंदींशी जुळल्याशिवाय ग्राह्य धरू नये; आणि उत्पादकाने दहा वर्षांचा खरेदी करार केला असेल तर त्याला नियमपालनात अधिक गुण द्यावेत. असे झाले तर बँका अशा कारखान्याला कर्ज द्यायला स्वतःहून पुढे येतील, आणि मग सामान्य माणसाने शेअर घेतला तर तो पैसा फंड ठरणार नाही.

गुजरातच्या कारखान्यासाठी नाइकीने खरेदीदार म्हणून करार केल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, ही आजवरच्या घोषणांपेक्षा वजनदार गोष्ट आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. ठरलेली क्षमता वर्षाला सत्तर हजार टनांची आहे. माझ्याकडे यांपैकी कोणत्याही कंपनीचा समभाग नाही. इस्टरचा पुढला वार्षिक अहवाल हाती येईल तेव्हा मी अध्यक्षांचे मनोगत आणि हिरव्या पानांची चित्रे उलटून थेट तीन आकडे शोधीन : त्या सत्तर हजारांपैकी किती टन बंधनकारक कराराने विकले गेले आहेत, त्या करारात भावाचे सूत्र तेलाशी बांधले आहे की खर्चाशी, आणि कातरणीचा किलोमागे कोणता भाव धरून हिशेब मांडला आहे.